काशीनाथच्या गाडीतला बिघाड

बापाच्या दहाव्याला जो पोरगा घड्याळ बघतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माझा भाचा जितेंद्र. खाडीच्या काठावर पिंड मांडलेला. भटजी हात जोडून उभे. समोरच्या झाडावर कावळ्यांची ही रांग... आणि एकही खाली उतरेना. नातेवाइकांनी एकेक शब्द दिला. नातीला शिकवू. थोरल्या बहिणीला अंतर देणार नाही. गावच्या घराची कौलं बदलू. कावळे मान वाकडी करून ऐकत होते, पण ढिम्म.

तर हा जितेंद्र भटजींना म्हणाला, "गुरुजी, ऊन चढतंय. दर्भाचा करा."

केला गवताचा कावळा. शिवला पिंडाला. झालं समाधान.

माणूस घाईने गेला तर आपल्या हातात नसतं. पण त्याला घाईने पोचवू नये.

आता हाच जितेंद्र चार लोकांत सांगत फिरतो की आत्याचं वय झालंय, आत्या काहीही बरळते. म्हणून मी सांगायला बसले. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, तीही ढकलत ढकलत. रचून सांगायची अक्कल मला नाही आणि गरजही नाही. यातलं अर्धं माझ्या देखत झालं. उरलेलं जितेंद्रच्या बायकोने, ममताने, माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं. ती पोर साधी. तिला भाजीवाल्याशी घासाघीस जमत नाही, ती खोटं काय बोलणार?

साल दोन हजार पाच. ज्या जुलैत सगळीकडे पाणी भरलं, त्याच वर्षाचा मे महिना. मीरा रोड, सिल्व्हर पार्क.

आणि रात्र नव्हती. अशा गोष्टी रात्रीच घडतात असं लोक म्हणतात...

ही दुपारची आहे.

काशीनाथ माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला मी कडेवर वाढवला. मोठा झाल्यावर फोर्टात एका कंपनीत साहेबाची गाडी चालवायला लागला, जन्म गेला त्याचा त्यात. कुणाचीही गाडी रस्त्यात अडली की काशीनाथला हाक. तो बॉनेट उघडायचा, कान लावायचा, स्टार्टर मारायला सांगायचा आणि सांगायचा, करंटचा बिघाड आहे की पेट्रोलचा. त्याचं बोलणं कधी खोटं पडलं नाही. शाळा मी शिकले नाही तसा तोही शिकला नाही, पण मोठमोठे साहेब त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

रिटायर होताना साहेबाचीच जुनी गाडी त्याने विकत घेतली. गोल दिव्यांची, मोतिया रंगाची. परळची खोली विकून ही मंडळी मीरा रोडला आली, तेव्हा सामानाच्या टेम्पोपुढे काशीनाथ गाडी घेऊन होता. वरातीत नवरदेव असतो तसा.

पुढे बायको वारली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी गाडी सुटेना. रोज सकाळी एक फेरी. कधी स्टेशनपर्यंत, कधी माझ्याकडे भाईंदरला, मोरव्यापर्यंत. मी त्याला ओरडायचे. तो म्हणायचा, अक्का, रस्ता मला डोळ्यांनी नाही, कानाने दिसतो.

मार्चमध्ये त्याने सोसायटीच्या गेटचा खांब घासला. मग एका शाळेच्या रिक्षाला धक्का दिला. लागलं कुणाला नाही, पण घरात बापलेकाचं जोरात वाजलं. जितेंद्रने चावी मागितली. काशीनाथने चावी दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी बंद पडली.

स्टार्टर फिरायचा. खर्र... खर्र... खर्र...

पण इंजिन पकडायचं नाही.

काशीनाथ आधी हसला. म्हातारी रुसली म्हणाला. प्लग काढले, घासले, परत बसवले. नाही. पेट्रोल येतंय का बघितलं. येत होतं. प्लगची वायर इंजिनाच्या पत्र्याजवळ धरली, ममताला स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी पडायला हवी होती.

नाही पडली.

म्हणजे करंटचा घोटाळा. इथवर त्याला एका सकाळीत कळलं. मग पॉइंट घासले. पॉइंट म्हणजे डबीतले दोन चिमुकले तुकडे, ते एकमेकांना शिवून सुटले की ठिणगी पडते. मग कंडेन्सर नवा टाकला. मग कॉइल नवी. नाही म्हणजे नाही.

सोसायटीत तर सगळेच डॉक्टर. पहिल्या मजल्यावरचे शहाभाई म्हणाले, पेट्रोलमां घासलेट छे. शेजारच्या सुचेताचा नवरा म्हणाला, काका, भंगारात घाला. एका रविवारी पोरांनी मिळून धक्का मारला, अर्धा सिल्व्हर पार्क फिरवून आणली. गाडी ढकलणारे घामाने चालू झाले, गाडी नाही. काशीनाथ आत स्टिअरिंग धरून बसलेला. लोकांनी आपल्याला ढकलत घरी आणलंय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ममताने सांगून पाहिलं, बाबा, एखादा मेकॅनिक बोलावू या. तो तिच्यावर खेकसला. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात?

मग तो एकटाच बसायला लागला. सकाळपासून पार्किंगमध्ये उलटी बादली टाकून. एकेक वायर डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघायचा. ममता गॅलरीतून त्याची वाकलेली पाठ बघायची आणि आत येऊन देवाला दिवा लावायची, गाडी चालू होऊ दे म्हणून. आता सांगा, कोण मागतं देवाकडे असलं?

आणि रोज संध्याकाळी जितेंद्र ऑफिसातून यायचा. गाडीपाशी थांबायचा. खांद्याला बॅग, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"सापडलं का, बाबा?"

काशीनाथ मान हलवायचा. नाही.

रोज. न चुकता.

एप्रिल संपता संपता तो जेवेनासा झाला. झोपेत बोटांनी चादरीवर वायरी जोडायचा. एक दिवस ममता भाजी चिरत बसली होती, तर तिच्यासमोर येऊन बसला. दोन्ही हात पुढे केले. तळवे वर.

"ममता, माझा हात गेला गं."

तिला वाटलं हात दुखतोय. ती तेल आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून स्टार्टरचा आवाज येत होता, तो थांबला. ममताला वाटलं, बाबा वर येतायत. तिने पान वाढलं. आमटी गार झाली. परत गरम केली. परत गार झाली.

ती खाली गेली.

काशीनाथ बादलीवरच बसलेला. डोकं मडगार्डवर टेकवलेलं, इंजिनाला कान लावल्यासारखं. मुठीत पॉइंट घासायचा पॉलिश पेपर. ती मूठ आम्हाला कुणालाच उघडता आली नाही.

तशीच गेली.

तर दहाव्याचं ते गवताचं उरकून आम्ही घरी आलो. माणसं जेवून पांगली. नात क्षितिजा सुट्टीची आजोळी गेलेली. जितेंद्र आतल्या खोलीत आडवा झाला. मी बाहेर खाटेवर. ममता ओट्यापाशी भांडी पुसत होती. लाइट गेलेली, पंखे बंद. भर दुपार. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही.

आणि खालून...

खर्र... खर्र... खर्र...

ममताच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असेल कुणाची, बिल्डिंगमध्ये गाड्यांना काय तोटा. पण त्या गाडीच्या स्टार्टरला शेवटी एक उचकी होती. दम लागलेल्या माणसासारखी. ती मला ओळखीची होती.

ती उचकी आली.

ममता गॅलरीत धावली. खाली वॉचमन होता. गाडीत कोण बसलंय बघायला तिने त्याला सांगितलं. तो गेला. काचेला हात लावून आत वाकला. मग वर बघून म्हणाला, "भाभी, अंदर तो कोई नहीं है."

तो बोलत होता, आणि त्याच्या हाताखाली स्टार्टर पुन्हा फिरला.

तो माणूस गेटबाहेर जाऊन उभा राहिला, तो अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

चावी घरात होती. काशीनाथच्या फोटोखालच्या खिळ्याला, दोऱ्यासकट. घरात वाऱ्याची झुळूक नव्हती...

दोरा हलत होता.

जितेंद्र उठला, आमच्यावरच चिडला. म्हणाला, वायरी उघड्या पडल्यात, शॉर्ट होतंय, स्टार्टर आपोआप फिरतो. खाली गेला, बॅटरी काढून घेऊन आला आणि गॅलरीत ठेवली. आता कसा आवाज येतो बघतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला.

बॅटरी गॅलरीत ममताच्या पायाशी. तिने घाबरत घाबरत तिला हात लावला...

कोमट होती. जसा नुकताच कुणी वापरून ठेवलेला तवा.

तेराव्यानंतर मी माझ्या घरी निघाले होते. ममताने माझी पिशवी लपवून ठेवली. मी राहिले.

त्याच आठवड्यात उत्तनहून कॅजिटन आला. काशीनाथच्याच कंपनीत ड्रायव्हर होता. दोघांनी एका डब्यात जेवण केलेलं. त्याला उशिरा कळलं. फोटोसमोर मेणबत्ती लावली. मग म्हणाला, गाडी एकदा बघून जातो. ममता त्याला घेऊन खाली गेली.

बॉनेट उघडं होतं.

मडगार्डवर फडकं पसरलेलं. त्यावर चारी प्लग, ओळीने. चांदीच्या वाट्या घासाव्यात तसे लख्ख.

कॅजिटनने टोपी काढली. ममताला वाटलं, घाम पुसायला काढली असेल. पण तो प्लगांकडे बघत म्हणाला, "ह्यो काशीनाथचाच हात हाय. चारींची तोंडं इंजिनाकडे. दुसरा कोनी असं ठेवीत न्हाय. आमी हसायचो त्याला."

ममताने कसंबसं विचारलं, काका, म्हणजे काय?

"म्हंजे तो बिघाड शोधताय. प्लग झालं. आता पाइंट बघंल, मग कंडेन्सर, मग कॉइल. त्यात घावला न्हाय, तर वायर धरून मागं मागं जाईल. मधी सोडनारा मानूस तो न्हाय, पोरी."

त्याने छातीवर क्रूस केला. चहा ठेवला होता, तो न घेताच गेला.

पुढचे दिवस त्याने सांगितलं तसेच गेले.

एका दुपारी डबीचं झाकण उघडलेलं, पॉइंट घासलेले. नंतर कंडेन्सर सुटा होऊन लोंबकळत होता. मग कॉइल. रोज दुपारी आधी स्टार्टर वाजायचा, मग तो थांबायचा, आणि मग... बारीक बारीक आवाज. पान्याचा. पत्र्यावर स्क्रू ठेवल्याचा. एकदा खोकल्याचा.

सोसायटीवाले पार्किंगमध्ये फिरकेनासे झाले. ज्यांच्या गाड्या शेजारी होत्या त्यांनी रस्त्यावर लावल्या.

घाबरलो तर आम्ही सगळेच होतो. पण ममताच्या एक गोष्ट लक्षात आली. तिची भीती रोज तेवढीच होती. जितेंद्रची वाढत होती.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की तो पाणी मागायचा नाही. विचारायचा, आज काय उघडलंय? ममता सांगायची. प्लग म्हटलं तेव्हा तो जेवला. कॉइल म्हटलं तेव्हा अर्ध्यावरून उठला.

आणि ज्या दिवशी ती म्हणाली, वायरी, त्या दिवशी त्याने घास ताटात परत ठेवला.

वायरींच्या जुडग्यावर काळी टेप असते. ती सोललेली. ब्लेडने नव्हे, नखाने. दृष्टी नसलेला माणूस चाचपून सोलतो तशी. रोज वीतभर. इंजिनापासून आत... पायाखालच्या चटईखालून... दाराच्या कडेकडेने...

मागच्या सीटकडे.

जितेंद्रने ऑफिसात रजा टाकली. दुपारी जेवणं झाली. मी जपमाळ घेऊन बसले होते, त्याला वाटलं माझा डोळा लागलाय. टूलबॉक्समधली पक्कड घेऊन तो चपला न घालता बाहेर पडला. ममताने माझ्याकडे बघितलं. मी मानेने म्हटलं, जा.

ती जिन्यातल्या खांबाआड उभी राहिली. तिथून गाडी पूर्ण दिसायची.

जितेंद्रने मागची सीट उचकटून बाहेर टाकली होती. गुडघ्यांवर बसून आत वाकला होता. सीटखालच्या पत्र्यावर बोटभर लांबीचा एक स्विच होता. गाडी पळवू नये कुणी म्हणून लोक लपवून लावतात. चोर स्विच म्हणतात त्याला.

तो जितेंद्रनेच बसवून घेतला होता. नंतर कबूल केलं. ममता सासऱ्याला रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, त्या दिवशी ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावून. केसासारखी एक वायर बाकीच्या जुडग्यात दडवलेली. ठिणगी पडायच्या आधीच करंट गुपचूप गाडीच्या पत्र्यात उतरवायची. प्लग चांगले, पॉइंट चांगले, कॉइल चांगली, सगळं चांगलं... आणि ठिणगी नाही. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही सहजी सापडू नये असा तो बिघाड. आणि माझा भाऊ तो मोतीबिंदूच्या डोळ्यांनी शोधत होता.

सोललेली टेप त्या स्विचपासून हातभर अलीकडे थांबली होती.

जितेंद्रला त्याच्या आधी पोचायचं होतं.

त्याने वायरीला पक्कड लावली. दाबली. वायर तुटली.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग...

खर्र...

एकदाच. आणि इंजिनने पकडलं.

बॅटरी वर गॅलरीत होती. चावी फोटोखाली होती. ममताने खांब घट्ट धरला. चालू गाडी थरथरते, ही थरथरत नव्हती. मागून धूर नव्हता. नुसता आवाज, गोल, भरलेला. पुढची सीट रिकामी. चोकची बाहेर ओढलेली खुंटी हळू... हळू... आत गेली. बोटाने ढकलल्यासारखी. इंजिन गरम होईतो दम धरून काशीनाथ अशीच ढकलायचा.

ममताने मला सांगितलं, आत्या, खरं सांगते, त्या घटकेला मला बरं वाटलं. वाटलं, सापडलं बाबांना. सुटले.

मग आरसा हलला.

ड्रायव्हरसमोरचा छोटा आरसा. काशीनाथ जन्मभर सांगायचा, आरशात मागचा रस्ता बघावा, मागे बसलेल्याचं तोंड बघू नये, ते ड्रायव्हरचं काम नाही. तो आरसा करकरत खाली झुकला. थोडा. अजून थोडा.

थांबला, तेव्हा त्यात जितेंद्रचं तोंड होतं.

इंजिन बंद झालं.

त्या शांततेत जितेंद्र काहीतरी ऐकत होता. ममताला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तो आरशाकडे बघत मान हलवत होता. नाही. परत नाही. परत नाही. कुणीतरी त्याला तेच तेच विचारत असल्यासारखी.

काय विचारत होतं, ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

दोन दिवस त्याला ताप होता. ताप उतरल्या उतरल्या त्याने भंगारवाला बोलावला. त्या माणसाने बॅटरी लावली, चावी फिरवली. एका झटक्यात गाडी चालू. तो खूश झाला. म्हणाला, साहब, गाडी तो मस्त है, बेच क्यों रहे हो? जितेंद्रने त्याच्या हातावर चावी ठेवली आणि पाठ फिरवली. ममताने जाणाऱ्या गाडीवर चिमूटभर हळदकुंकू टाकलं. मी डोळ्यांना पदर लावला. वाटलं, संपलं.

मी घरी आले. जुलैत पाणी भरलं, त्या गडबडीत कोण कुणाकडे बघतंय. माझ्या दारात गुडघाभर पाणी, त्यांच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं.

पाणी ओसरलं आणि ममता माझ्याकडे आली. एकटीच. ओल्या चपलांनी आत येऊन बसली.

मग म्हणाली, आत्या, ह्यांच्या अंगठ्याला काळं लागलेलं होतं.

पायाच्या अंगठ्याला. ग्रीसचं बोट. रविवारी दुपारी जेवून झोपला होता, उठला तर लागलेलं. तिला वाटलं, बाइकचं असेल. घासलेट लावून पुसलं. पुढच्या वेळी दुपारी डोळा लागला...

घोट्यावर होतं.

मग पोटरीवर. चाचपत गेल्यासारखी बोटं. दर वेळी वीतभर वर.

जितेंद्रने दुपारी झोपणं सोडलं. पण माणसाची मान कधीतरी पडतेच. ऑफिसात खुर्चीवर डुलकी लागली, घरी येऊन पँट वर केली तर गुडघ्यावर. अंगाला पेट्रोलचा वास. आंघोळ केली तरी जात नाही.

आणि आवाज आता पार्किंगमधून येत नाही, म्हणाली. हे झोपले की मी छातीला कान लावते, आत्या.

मी विचारलं, काय ऐकू येतं?

तिने माझा हात धरला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. भर दुपारची. जितेंद्र हॉलमध्ये खुर्चीवर बसला होता, पँट मांडीपर्यंत दुमडलेली, हातात घासलेटचा बोळा. घासून घासून कातडी लाल झालेली. डोळे खोल गेलेले. मला बघून उठला आणि पाया पडला. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता पडला असेल. म्हणाला, त्र्यंबकला जाऊन शांत करतो, म्हणशील ते दान करतो, गावच्या घराची कौलं उद्याच्या उद्या बदलतो. बाबांना काय पाहिजे ते तू सांग.

मी एकच विचारलं. फोटोसमोर उभा राहून, केलंस ते तोंडाने सांगितलंस का त्याला?

त्याने बोळा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी त्यांच्या भल्यासाठीच केलं, आत्या. आणि फोटो काय ऐकणार आहे?"

असं बोलताना... एवढ्या भीतीतसुद्धा... त्याच्या ओठाचा कोपरा वर गेला.

ममताने ते पाहिलं. मीही पाहिलं. आणि जितेंद्रचा उघडा पाय, आम्ही दोघी बघत असताना, कुणी धरावा तसा जागच्या जागी आखडला.

मी पदर खोचला. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मुद्दाम मोठ्याने बोलले, घरात आणखी जो कुणी असेल त्यालाही ऐकू जावं म्हणून.

"जितू, आंधळ्या म्हाताऱ्याची गाडी बंद केलीस, ती मीही केली असती. त्यासाठी आलेला नाही तो. रोज संध्याकाळी त्याला हसून विचारायचास ना, ते हसू तुझ्यात कुठे बसलंय, ते शोधतोय. मी वाढवलाय त्याला. बिघाड हाताला लागल्याशिवाय माझा भाऊ उठायचा नाही."